जुन्या सागवानाची निवड

वाडे आणि चाळी पाडल्या की त्यांच्या तुळया, दारं, खिडक्या जुन्या बाजारात येतात. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुनं फर्निचर मिळतं. त्यातलं सागवान आवर्जून घ्यावं. त्याच्या गाभ्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही आणि वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड फारसं वाकत नाही. कडेच्या फिकट लाकडाला मात्र कीड लागते. बारीक छिद्रं आणि ताजा भुसा दिसला तर ती वस्तू घेऊ नका. सांधे हलवून पाहा. रंधा मारण्याआधी लपलेले खिळे काढा. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. दाराचं मेज, तुळईचं बाक जरूर करा. पण हातानं कोरलेली नक्षी कापू नका.