दाब कमी म्हणून मोठी मोटार, मोठी मोटार म्हणून दाब कमी

रब्बीचा कांदा फुगवणीला आला की गावातल्या मोटार भरणाऱ्याच्या दुकानात जागा मिळत नाही. दारात दहा-बारा मोटारी रांगेने पडलेल्या असतात आणि प्रत्येक मोटारीमागे एक शेत वाळत असते. २०१९ सालच्या जानेवारीत त्या रांगेत आमच्या घरची मोटार महिन्यात दोनदा होती. वडील वायरमनला बोल लावत होते. मी कृषी खात्यात नोकरीला, चार गावांना पीकसल्ला देणारा, पण या बाबतीत माझेही ज्ञान वडिलांइतकेच होते. मीही वायरमनलाच बोल लावला.

दुसऱ्या खेपेला दुकानदाराने जळालेले वाइंडिंग बाहेर काढून माझ्या हातात दिले आणि विचारले, "साहेब, मोटार दाबानं जळती का करंटानं?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे कळले, ते सर्व शेतकरी बांधवांना उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

पाटाचेच उदाहरण घ्या

वीज डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती अवघड वाटते. पाणी मात्र आपल्याला कळते. उंचावरच्या टाकीतून पाइपाने पाणी येते तेव्हा टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. विजेच्या बाबतीत हा जोर म्हणजे व्होल्ट, ज्याला आपण 'दाब' म्हणतो. पाइपातून किती पाणी वाहते, ते म्हणजे अँपिअर, म्हणजे करंट. पाइप लांब आणि बारीक असेल तर पाणी अडखळते. तसा तारेचाही अडथळा असतो. दाब आणि करंट मिळून जे काम होते ती शक्ती, म्हणजे वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. हजार वॅटचा भार एक तास चालला की एक युनिट पडते.

आता पाटाकडे या. भंडारदऱ्याच्या काय किंवा मुळेच्या काय, पाटावर टेलच्या शेतकऱ्याचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. वरच्यांनी दारे जास्त उघडली की टेलला पाणी पोचत नाही. विजेच्या लाइनचेही तसेच आहे. तारेतून जितका जास्त करंट ओढला जाईल, तितका दाब वाटेतच पडतो. डीपीजवळच्या विहिरीवर ३९० व्होल्ट असतात, तेव्हा शेवटच्या खांबावर ३२० सुद्धा मिळत नाहीत.

म्हणूनच वीज केंद्रातून गावापर्यंत येताना वीज फार मोठ्या दाबाने आणतात. दाब जास्त ठेवला की तेवढीच शक्ती कमी करंटात येते आणि वाटेतली गळती कमी होते. कोयनेची किंवा चंद्रपूरची वीज लाखो व्होल्टच्या दाबाने निघते, उपकेंद्रांत टप्प्याटप्प्याने उतरत ११ हजार व्होल्टवर आपल्या शिवारात येते, आणि डीपीत शेवटची उतरून दोन फेजमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट होते. एक फेज आणि न्यूट्रल यांत हाच दाब २३० ते २४० असतो. घरातला दिवा त्यावर लागतो.

दाब कमी, तरी मोटार का जळते?

पुष्कळांना वाटते, दाब कमी म्हणजे वीज कमी, मग मोटार कशी जळेल? इथेच गफलत होते. मोटारीला विहिरीतून पाणी उचलायचेच असते. ते काम दाब कमी झाला म्हणून फारसे कमी होत नाही. मग दाबाची उणीव मोटार जास्त करंट ओढून भरून काढते.

पाच हॉर्सपॉवरची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. हॉर्सपॉवरला दीड अँपिअर, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा. दाब ३२० वर आला की तीच मोटार दहा अँपिअरच्या जवळ जाते. आणि वाइंडिंग तापते ते करंटाच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट सव्वापट-दीडपटीच्या मध्ये, म्हणजे १.३ पट झाला, तर उष्णता जवळजवळ १.७ पट होते. वरून कमी दाबाला मोटारीचा सुरू होण्याचा जोरही जवळपास निम्म्यावर येतो. ती नुसती घुंघुं करते, फिरत नाही, आणि त्या वेळी सर्वात जास्त करंट खाते. म्हणजे दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर असे की मोटार जळते करंटाने. दाब पडणे हे त्यामागचे कारण.

डीपीचा हिशेब

आमच्या डीपीवर ६३ के.व्ही.ए. असे लिहिलेले आहे. अशी डीपी प्रत्येक फेजला साधारण ८४ अँपिअर देऊ शकते. (१०० के.व्ही.ए.ची डीपी सुमारे १३३ देते.) आमच्या डीपीवर कागदोपत्री पाच हॉर्सपॉवरचे अकरा पंप. अकरा गुणिले साडेसात म्हणजे सुमारे ८२ अँपिअर. कागदावर सगळे बरोबर.

मग एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन बांधाबांधाने फिरलो. त्याच्याकडे टाँग टेस्टर होता. वायरीभोवती चिमटा लावला की करंट दिसतो, वायर सोलावी लागत नाही. अकरापैकी सात मोटारी साडेसातच्या निघाल्या. साडेसातची मोटार अकरा अँपिअर घेते. सात मोटारींचे ७७ आणि उरलेल्या चारांचे ३०, मिळून १०७ अँपिअर, तेही दाब पूर्ण असताना. दाब पडला की आकडा आणखी वर.

आणि त्या सातांत एक मोटार आमची होती. दाब कमी मिळतो म्हणून अण्णांनीच तीन वर्षांपूर्वी पाचची काढून साडेसातची बसवली होती. शेजाऱ्यांनीही तेच केले होते, त्याच कारणाने. दाब कमी म्हणून मोठी मोटार, आणि मोठी मोटार म्हणून दाब आणखी कमी. वायरमनला शिव्या देताना आपलाही हात त्यात आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

ऑटोस्विचचा धक्का

रात्री दोनला लाइट येते. अंधारात, साप-बिबट्याच्या भीतीत विहिरीवर कोण जाणार? म्हणून प्रत्येकाने ऑटोस्विच लावलेला असतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढते. पाचची मोटार चाळीस अँपिअरच्या आसपास. अकरा मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर चारशेच्या वर अँपिअर, आणि डीपीची ताकद ८४! फ्यूज उडतात. कोणी फ्यूजच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचे पीळ घालतो, मग फ्यूज उडत नाही, डीपीच जळते. त्यानंतर अकरा शेते मिळून वाळतात.

ऑटो लावायचाच असेल तर उशिरा सुरू होणारा टायमर असलेला लावावा आणि प्रत्येकाची वेळ वेगळी ठेवावी. एकाची एक मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, अशी. मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्टार्टरही बाजारात मिळतात.

कपॅसिटर काढून टाकू नका

मोटार काही करंट कामासाठी घेते आणि काही नुसते चुंबकत्व तयार करण्यासाठी. या दुसऱ्या करंटाने पाणी उचलले जात नाही, पण तारेत आणि डीपीत त्याची गर्दी होते. कपॅसिटर हा करंट जागेवरच पुरवतो. पॉवर फॅक्टर ०.८० वरून ०.९५ वर गेला तर डीपीपासून येणारा करंट सुमारे १६ टक्के कमी होतो. आमच्या १०७ अँपिअरचे ९० होतात. तीन हॉर्सपॉवरला १, पाचला २ आणि साडेसातला ३ के.व्ही.ए.आर. क्षमतेचा कपॅसिटर चालतो. तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटारीबरोबर बंद होतो. बंद केल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते, म्हणून लगेच हात लावू नये.

एकट्याने कपॅसिटर लावून एकट्याचा दाब फारसा वाढत नाही. अकरांनी लावले तर अकरांचा वाढतो. म्हणूनच तो कोणी लावत नाही.

एक फेज गेला तर

तीनपैकी एक फेज गेला तरी चालू मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती रेटत राहते आणि त्या दोन तारांतला करंट सुमारे पावणेदोनपट होतो. काही मिनिटांत वाइंडिंग काळे पडते. यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर पाहिजेच. रिलेची मात्रा मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवावी. "सारखा ट्रिप होतो" म्हणून मात्रा वाढवणे किंवा रिले बांधून टाकणे म्हणजे राखणीचे कुत्रे भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे.

मोटार भरता येते, माणूस नाही

फ्यूज माणसाला वाचवत नाही, हे नीट समजून घ्या. फ्यूज पंधरा अँपिअरचा असेल तर त्याहून जास्त करंट गेल्यावरच उडतो. ओल्या अंगातून २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या जवळ करंट जाऊ शकतो. जीव जायला त्याहून पुष्कळ कमी पुरतो. माणूस चिकटून राहतो आणि फ्यूज शाबूत असतो.

म्हणून मोटार, स्टार्टरची पेटी आणि लोखंडी पाइप यांना स्वतंत्र अर्थिंग हवे. ते खोल, ओलसर जमिनीत, कोळसा आणि मीठ घालून करावे. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतत राहावे. सोबत ३० मिलिअँपिअरचा अर्थ लिकेज ब्रेकर बसवला तर फार चांगले. गळती होताच तो वीज तोडतो.

काही ठिकाणी एका फेजवर दिवा लावायला जमिनीत सळई ठोकून तिलाच 'झिरो' करतात. त्या सळईभोवतीची ओली जमीन जिवंत होते. जनावर तिथून गेले की चार पायांत झटका बसून कोसळते. हे कदापि करू नये. तसेच डीपीवर स्वतः चढून फ्यूज घालू नये. लाइट नाही असे समजून चढलेला माणूस परत खाली चालत येईलच असे नाही. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

शेवटी पाळीच

आमचे अकरा जण डीपीजवळच्या लिंबाखाली दोनदा बसले. पहिल्या बैठकीत भांडण झाले. साडेसातवाले म्हणाले, आधी बोर्डाने डीपी वाढवावी. (मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन महावितरण झाले, तरी गावात अजून 'बोर्ड'च आहे.) मागणी रास्तच होती, आणि भार वाढवून घेण्याचे अर्ज आम्ही केलेही. पण कांदा अर्जासाठी थांबत नाही.

दुसऱ्या बैठकीत अण्णांनी सांगितले, "पाटाला पाळी चालती, मग लाइटीला का नको?" सहा पंप पहिले चार तास, पाच पंप नंतरचे चार तास. चार तास थोडे वाटतात, पण जानेवारीत आमच्या विहिरी तीन-चार तासांतच उपसतात. पुढे मोटार कोरडी चालते, ते वेगळेच नुकसान. पाळी लागल्यावर शेवटच्या खांबावर ३१० च्या जागी ३६० व्होल्ट दिसू लागले. तीन जणांनी साडेसातच्या मोटारी काढून पुन्हा पाचच्या बसवल्या. त्यांत आम्हीही होतो. त्या हंगामात आमची मोटार पुन्हा दुकानात गेली नाही.

तेव्हापासून पुष्कळ बदलले. २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांना एक छोटी डीपी देण्याची योजना आली. २०२४ साली साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. त्याच वर्षी 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पण ज्यांची शेते अजून एकाच डीपीवर आहेत, त्यांचा हिशेब तोच आहे. बिल माफ झाले म्हणून मोटार भरण्याचा खर्च माफ होत नाही.

ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि सरपंच यांना विनंती की, रब्बीपूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. प्रत्येक डीपीची क्षमता, तिच्यावरचे पंप आणि त्यांची खरी हॉर्सपॉवर यांची यादी करावी. कागदावरची नव्हे, मोटारीच्या पाटीवरची. पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात. ते बेरजेत घ्यावेत आणि बेरीज डीपीशी ताडून पाहावी. यादीत पहिले नाव स्वतःच्या घरचे घालावे, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाते.