परवलीचा शब्द आणि त्याची राखण



किल्ल्याच्या किंवा छावणीच्या दारावर रात्रीच्या वेळी पहारेकरी येणाऱ्यास हटकीत असे, आणि ज्याला ठरलेला शब्द सांगता येई त्यालाच आत सोडीत असे, हे आपण इतिहासाच्या गोष्टींत वाचले आहे. त्या शब्दाला आपल्या भाषेत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. संगणकाच्या दारावर मागितल्या जाणाऱ्या पासवर्डलाही मराठीने हेच नाव दिले आहे. परंतु नाव एक असले तरी दोहोंमध्ये मोठा भेद आहे. छावणीतील शब्द सर्वांचा एकच असतो. तो सांगणारा ‘आपला’ आहे एवढेच त्यावरून कळते. संगणकाचा शब्द मात्र प्रत्येकाचा निराळा असावा लागतो. कारण आत आलेला माणूस नेमका ‘कोण’ आहे, हे त्यावरून ओळखायचे असते.

हा भेद मला पुस्तकातून कळला नाही, एका चुकीतून कळला. मी कलाशाखेची पदवीधर. घरी कोंकणी बोलणारी आणि वर्गात मराठी व इतिहास शिकवणारी. पूर्वी मी ज्या शाळेत होते, तेथे संगणकाची खोली सांभाळण्यास दुसरे कोणी नव्हते म्हणून ते काम माझ्याकडे आले. त्या खोलीत लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे अनेकांची कामे आणि कागदपत्रे एका ठिकाणी ठेवणारा, सर्वांच्या सेवेस असणारा संगणक. चाळीस मुलांची चाळीस खाती कोण उघडणार, असा विचार करून मी सबंध इयत्तेसाठी एकच खाते उघडले आणि त्याचा परवलीचा शब्द फळ्यावर लिहून दिला. काही महिन्यांनी गावातील जुन्या विहिरींविषयी मुलांनी खपून तयार केलेला प्रकल्प एका दुपारी पुसला गेलेला आढळला. त्याची दुसरी प्रत मी काढून ठेवली नव्हती.

सर्व्हरच्या नोंदवहीत कोणी केव्हा प्रवेश केला ते लिहिलेले असते. मी ती उघडली. वेळ होती, नाव मात्र सबंध इयत्तेचे होते. आदल्याच दिवशी गटाशी भांडलेल्या एका मुलाकडे सर्वांच्या नजरा वळल्या. “बाई, मी नाही केलं,” एवढेच तो म्हणाला. त्याने ते केले असे मला सिद्ध करता येत नव्हते, आणि केले नाही हे त्याला सिद्ध करता येत नव्हते. वर्ष संपले तरी तो संशय त्याच्या पाठीस राहिला. प्रकल्प मुलांनी पुन्हा लिहिला. त्या मुलाचे निर्मळ नाव मात्र मला परत देता आले नाही. परवलीचा शब्द केवळ गुपिताची राखण करीत नाही, तो निरपराध माणसाच्या नावाचीही राखण करतो, हे मला तेव्हा कळले. मग या शब्दांची व्यवस्था कशी असते, हे मी शिकावयास घेतले. तेच आज तुम्हांस सांगते.

संगणकावर परवलीच्या शब्दाची प्रथा सुरू झाली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी. फर्नांडो कोर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अशी एक प्रणाली तयार झाली, की एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता यावे. प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून प्रत्येकास एक शब्द देण्यात आला. हे सर्व शब्द एका फाइलीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइलींवर काम करीत असता त्या फाइलींची अदलाबदल झाली. परिणाम असा, की त्या दुपारी जो कोणी यंत्रावर प्रवेश करी, त्याच्यापुढे दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादी छापून येऊ लागली!

यावरून पहिला धडा मिळाला : शब्द जसाच्या तसा कोठेही लिहून ठेवू नये, संगणकानेदेखील ठेवू नये. पण जो शब्द लिहून ठेवलेला नाही, तो बरोबर की चूक हे संगणकाने ओळखावे कसे?

याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात सापडते. आई खोबरे, मिरच्या व धणे घेऊन वाटण वाटते. त्या वाटणातून अख्खे खोबरे आणि अख्खी मिरची पुन्हा वेगळी काढता येईल काय? मुळीच नाही. परंतु तेच जिन्नस त्याच मापाने पुन्हा वाटले, तर वाटण तसेच होईल. संगणक गणिताच्या साहाय्याने शब्दाचे असेच वाटण करतो, आणि फक्त ते वाटण जपून ठेवतो. त्यास ‘हॅश’ म्हणतात. तुम्ही प्रवेश करताना शब्द टंकित केला, की संगणक तो पुन्हा वाटतो आणि दोन्ही वाटणे ताडून पाहतो. ती तंतोतंत जुळली तर दार उघडते. मूळ शब्द कोणता, हे संगणकाच्या व्यवस्थापकालाही कळत नाही. म्हणूनच शब्द विसरलात तर जुना कोणी सांगू शकत नाही. नवाच द्यावा लागतो.

येथे एक अडचण उरते. दोन मुलांनी एकच शब्द निवडला, तर दोघांची वाटणेही एकच होतील आणि एकाचा भेद कळला की दुसऱ्याचाही कळेल. यावर उपाय म्हणून प्रत्येक शब्दात वाटण्यापूर्वी निरनिराळी चिमूटभर भर घालतात. गंमत अशी, की या भरीस संगणकशास्त्रज्ञांनी ‘मीठ’ या अर्थाचाच इंग्रजी शब्द, ‘सॉल्ट’, योजला आहे. हे मीठ वाटणाशेजारीच उघड लिहिलेले असते. त्याचे काम गुपित राखण्याचे नसून एकसारखी वाटणे होऊ न देण्याचे आहे.

ही युक्ती रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात वर्णिली आहे. युनिक्स ही प्रणाली १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत थॉम्पसन, डेनिस रिची आदींच्या हातून घडली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जे लिनक्स सुरू केले, ते याच वळणाचे. उपर्युक्त लेखात एक मोठी उद्बोधक माहिती आहे. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ शब्द इतके आखूड किंवा इतके ओळखीचे होते, की ते सहज शोधता आले. म्हणजे शेकडा ८६ लोकांनी कुलूप लावले होते खरे, पण किल्ली दारालाच टांगलेली होती.

आता लिनक्समध्ये हे सारे कोठे ठेवलेले असते ते पाहू. खात्यांची यादी ‘पासडब्ल्यूडी’ नावाच्या फाइलीत असते. तीत प्रत्येक खात्याची एक ओळ आणि ओळीत सात रकाने : नाव, शब्दाची जागा, खात्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, माहिती, घर आणि आरंभी चालू होणारा कार्यक्रम. ही फाइल सर्वांना वाचता येते, कारण कोणती फाइल कोणाची हे सांगण्यासाठी अनेक कार्यक्रमांना तिची गरज पडते. पूर्वी वाटणही हिच्यातच असे. परंतु जे सर्वांना वाचता येते ते चोरालाही वाचता येते. म्हणून वाटणे तेथून काढून ‘शॅडो’ म्हणजे ‘सावली’ या नावाच्या दुसऱ्या फाइलीत हलवण्यात आली. ही फाइल सामान्य वापरकर्त्यास उघडता येत नाही. तिच्यावर सत्ता चालते ती ‘रूट’ या मुख्य व्यवस्थापकाची.

तुम्ही विचाराल, मग साध्या विद्यार्थ्याला स्वतःचा शब्द बदलता येतो तो कसा? त्यासाठी ‘पासडब्ल्यूडी’ याच नावाची एक आज्ञा आहे. खजिन्यात आपल्याला जाता येत नाही, पण कारकुनाला जाता येते, तसा हा प्रकार आहे. या कार्यक्रमाला चालताना व्यवस्थापकाचा अधिकार मिळतो. मात्र तो प्रथम तुमचा जुना शब्द विचारून खात्री करतो, आणि केवळ तुमचीच ओळ बदलतो.

‘सावली’च्या फाइलीत वाटणाबरोबर काळाचाही हिशेब असतो : शब्द शेवटी केव्हा बदलला, किती दिवसांनी बदलला पाहिजे, किती दिवस आधी ताकीद द्यावी, खाते केव्हा संपते. हे दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजलेले असतात. १ जानेवारी २०२० हा दिवस तेथे १८२६२ असा लिहिला जातो! हा हिशेब पाहण्यासाठी व बदलण्यासाठी ‘चेज’ नावाची आज्ञा आहे. नव्या विद्यार्थ्याचे खाते उघडताना व्यवस्थापक तात्पुरता शब्द देतो आणि या आज्ञेने बदलाचा दिवस शून्य ठेवतो. त्यायोगे पहिल्याच प्रवेशाच्या वेळी नवा शब्द ठरवणे विद्यार्थ्यास भाग पडते. यापुढे तो शब्द शिक्षकालाही ठाऊक राहत नाही, आणि तेच योग्य होय.

विद्यार्थी शाळा सोडून गेला म्हणजे त्याचे खाते बंद केले पाहिजे. शब्दास कुलूप लावण्याची आज्ञा दिली, की वाटणाच्या ओळीपूर्वी एक उद्गारचिन्ह येऊन बसते. कोणताही शब्द वाटला तरी त्यातून उद्गारचिन्हाने आरंभ होणारे वाटण निघत नाही, म्हणून ते कधीच जुळत नाही. परंतु एवढ्यावर निर्धास्त राहू नये. दुरून प्रवेश करण्यासाठी शब्दाऐवजी गणिती किल्ल्यांची जोडीही वापरतात. ज्याच्यापाशी अशी किल्ली आहे, त्यास शब्दाचे कुलूप अडवीत नाही. म्हणून खात्याची मुदतच संपवावी लागते.

चोर वाटण उलटे फिरवू शकत नाही, पण तो तर्क करू शकतो. एकेक शब्द घ्यावा, मीठ घालून वाटावा, जुळतो का पाहावा, असा त्याचा उद्योग असतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक कार्यक्रम यंत्रायंत्रांतून पसरत गेला. त्याच्यापाशी ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी होती, आणि अनेकांचे परवलीचे शब्द तीत सापडले. नियतीचा खेळ असा, की हा विद्यार्थी त्याच रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा!

शब्द किती बळकट असावा, याचे गणित सोपे आहे. इंग्रजीची २६ लहान अक्षरे घेऊन आठ अक्षरी शब्द केले, तर ते सुमारे २०,८८२ कोटी होतात. संख्या प्रचंड वाटते. परंतु सेकंदाला शंभर कोटी वाटणे करणारे यंत्र ते सारे साडेतीन मिनिटांत संपवील. आता दुसरा प्रकार पाहा. पाच हजार साध्या शब्दांची यादी घ्या आणि डोळे मिटून चिठ्ठ्या उचलाव्या तसे पाच शब्द निवडा. त्याच यंत्रास सर्व जोडण्या तपासण्यास सुमारे ९९ वर्षे लागतील. मात्र शब्द खरोखरच चिठ्ठीने निघाले पाहिजेत. मनाने निवडलेले शब्द, गाण्याची ओळ, जन्मतारीख, आजीचे नाव ही चोराच्या यादीत आधीच असतात.

स्वतः केन थॉम्पसन यांचा जुना शब्दही अखेर २०१९ मध्ये उघडकीस आला. बुद्धिबळातील सलामीची एक चाल त्यांनी खुणांसह लिहून तो केला होता. तो शोधण्यास आजच्या वेगवान यंत्राला चार दिवसांहून अधिक काळ लागला. म्हणून हल्ली वाटण्याची पद्धतीच मुद्दाम संथ केलेली असते. एकदा वाटून न थांबता हजारो वेळा वाटतात. एका प्रचलित पद्धतीत हा आकडा सामान्यतः ५,००० असतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने २०२१ पासून ‘येस्क्रिप्ट’ ही पद्धत स्वीकारली आहे. तीत वेळेबरोबर यंत्राची स्मृतीही खर्ची पडते. आपणांस एकदाच वाटायचे असते, त्यामुळे उशीर जाणवत नाही. चोराला कोट्यवधी वेळा वाटायचे असते.

शब्द दर महिन्यास बदलावा, असे पूर्वी सांगत. अनुभव असा, की माणसे कंटाळून जुन्या शब्दापुढे केवळ एक आकडा वाढवतात. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये असे मार्गदर्शन केले, की शब्द फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा तो बदलण्यास सांगावे. उगाच मुदती लादू नयेत.

आज माझ्या हाताखालील प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र खाते आहे. ती उघडण्यास मला दोन दुपारी लागल्या. दोन दुपारींचे कष्ट वाचवण्यासाठी मी पूर्वी एका मुलाचे वर्ष झाकोळून टाकले होते. मित्रांनो, आपला शब्द जिवलग मित्रालाही सांगू नका, आणि मित्राचा शब्द विचारू नका. यात मैत्रीचा अविश्वास नाही. उद्या काही विपरीत घडले, तर तुमच्या मित्रावर नसता आळ येऊ नये, एवढीच त्यामागची काळजी आहे.