आपला चौक ‘ब्लॅक स्पॉट’च्या यादीत आहे का?

मैत्रिणींनो, बैठकीला येताना हायवे ओलांडायचा म्हटलं की जीव मुठीत धरावा लागतो ना? मग तिथे दिवे, भुयारी मार्ग का होत नाही? कारण निधी देताना आधी नोंद बघतात.

राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा एकूण १० माणसं दगावली, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. तिथे आधी फलक, पट्टे अशी तात्पुरती कामं होतात, मग पूल किंवा भुयारी मार्ग. राष्ट्रीय महामार्गाला पैसा केंद्राचा. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.

मोजणी होते पोलिसांच्या नोंदीवरून. हाड मोडलं तरी ती गंभीर दुखापतच. म्हणून “जाऊ दे, मिटवून टाकू” म्हणू नका, पोलिसांत नोंद करा.

दहावा जीव जायची वाट कशाला बघायची? ग्रामसभेत ठराव घ्या. अपघातांच्या तारखा, जागेचा फोटो जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज द्या. आणि हो, पोच घ्यायला विसरू नका!