कोनराट फाइट : अभिनय आणि भूमिका

प्रस्तावना :
जर्मन रंगभूमी व चित्रपट यांच्या इतिहासात कोनराट फाइट (१८९३–१९४३) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेऊन कलावंत आणि राजसत्ता यांच्या संबंधाचा विचार केला आहे.

रंगभूमीवरील जडणघडण :
फाइट यांचा जन्म २२ जानेवारी १८९३ रोजी बर्लिन येथे झाला. दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्या ‘डॉइचेस थिएटर’ या नाट्यसंस्थेत त्यांची जडणघडण झाली. पहिल्या महायुद्धात ते पूर्व आघाडीवर गेले. मात्र आजारपणानंतर सैनिकांसाठी होणाऱ्या नाट्यप्रयोगांत भूमिका करू लागले आणि पुढे बर्लिनला परतले.

मूकपटातील अभिनय :
रोबर्ट वीने दिग्दर्शित ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ (१९२०) या चित्रपटातील सेझारे या भूमिकेने त्यांना कीर्ती मिळाली. सेझारे हा निद्राभ्रमी. मालकाच्या आज्ञेवरून तो खून करतो. चित्रपटातील भिंती व रस्ते वाकडेतिकडे रंगविलेले आहेत. फाइट यांनी आपल्या कृश देहाच्या हालचालीही त्या रेषांशी जुळवून घेतल्या. शब्दाविना केवळ देहाने भय निर्माण करणारा हा अभिनय अभिव्यक्तिवादी शैलीचा नमुना ठरला. तत्पूर्वी ‘अदर्स’पेक्षा निराळ्या प्रेमाला गुन्हा ठरविणाऱ्या कायद्यावर टीका करणाऱ्या ‘आंडर्स आल्स डी आंडर्न’ (१९१९) या चित्रपटात त्यांनी समलिंगी व्हायोलिनवादकाची भूमिका धैर्याने केली होती. जो मे यांच्या ‘दास इंडिशं ग्राबमाल’ (१९२१) मध्ये ते भारतीय महाराजा झाले. त्यातील भारत मात्र जर्मनीतच उभारलेला होता.

देशत्याग :
१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फाइट यांनी ज्यू वंशाच्या लिली प्रागर यांच्याशी विवाह केला व ते इंग्लंडला गेले. तेथे १९३४ मध्ये त्यांनी ‘ज्यू स्यूस’ या चित्रपटात ज्यू नायक सहानुभूतीने उभा केला. याच ऐतिहासिक व्यक्तीवर नाझी राजवटीने १९४० मध्ये ज्यूद्वेषी प्रचारपट काढला. त्यात अनेक ज्यू पात्रे विकृतपणे रंगविणारे वेर्नर क्राउस हे ‘कॅलिगारी’तील फाइट यांचे सहकलाकार होत. एकाच चित्रपटातून नावारूपास आलेल्या दोन नटांचे मार्ग असे विरुद्ध दिशांना गेले.

अखेरचे पर्व :
‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) मध्ये म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबू या बालनटासमोर त्यांनी खलनायक जाफर साकारला. पुढे हॉलिवूडमध्ये त्यांच्या वाट्याला नाझींच्या भूमिका आल्या. ‘कासाब्लांका’ (१९४२) मधील मेजर स्ट्रासर ही त्यांपैकी सर्वपरिचित भूमिका होय. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजेलिस येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. युद्धाचा शेवट त्यांना पाहता आला नाही.

समारोप :
ज्या राजवटीमुळे देश सोडला, तिच्याच अधिकाऱ्याचा गणवेश फाइट यांना पडद्यावर चढवावा लागला. परंतु भूमिका स्वीकारणे आणि सत्तेची आज्ञा स्वीकारणे या भिन्न गोष्टी आहेत. आज्ञेचा दास असलेला सेझारे अजरामर करणाऱ्या या नटाने प्रत्यक्ष जीवनात ते दास्य नाकारले, हेच त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल होय.