रंगाची पेढी आणि औषधाची बाटली

औषधाच्या दुकानात गेलेला ग्राहक गोळीचे नाव सांगतो, पैसे देतो आणि निघतो. त्या गोळीत काय आहे, ती कोणी व किती शुद्ध बनविली, हे तो विचारीत नाही. नावावर टाकलेला हा विश्वास व्यापाराच्या इतिहासात फार जुना नाही. दोनशे वर्षांपूर्वी औषध म्हणजे साल, मूळ, पाला आणि अर्क; आणि त्याचा कस एका पुडीत एक, तर दुसऱ्या पुडीत निराळाच.

बदलाचा आरंभ जर्मनीत झाला. अफूमधील गुणकारी द्रव्य सेर्ट्यूर्नर या तरुण औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे काढले, तेच मॉर्फिन. १८२० मध्ये पॅरिस येथे पेल्तिए व काव्हँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन मिळविले. डार्मस्टाट गावातील मर्क घराण्याकडे १६६८ पासून औषधांचे एक दुकान होते. त्या घराण्यातील हाइनरिश इमॅन्युएल मर्क यांनी १८२७ मध्ये अशी शुद्ध द्रव्ये घाऊक प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला. दुकानाचा कारखाना झाला तो असा.

दुसरा प्रवाह मात्र औषधांच्या बाजूने आलाच नाही. तो आला कापड रंगविण्याच्या धंद्यातून. १८५६ मध्ये लंडन येथे अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन साधले नाही. हाती आला जांभळा रंग. त्या रंगाने युरोपात कृत्रिम रंगांचा नवा व्यापार उभा केला. १८६३ मध्ये बार्मेन गावी रंगांचे व्यापारी फ्रिडरिश बायर आणि रंगारी योहान फ्रिडरिश वेस्कोट यांनी भागीदारीत पेढी काढली. सुरुवातीला कामगार होते तीन. १८८१ मध्ये तिची भागभांडवली कंपनी झाली, तेव्हा ते तीनशेहून अधिक झाले होते.

पुढे १८८६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे एक चूक घडली. कान आणि हेप या दोन डॉक्टरांनी एका रुग्णासाठी नॅप्थलीन मागविले. औषधविक्रेत्याकडून भलतेच द्रव्य आले आणि रुग्णाचा ताप उतरला. ते द्रव्य निघाले अॅसिटॅनिलाइड, रंगधंद्यातील नेहमीचा माल. तो माल आधीपासून ठाऊक असल्याने काल्ले या रंगकंपनीला त्यावर पेटंट मिळणे शक्य नव्हते. तिने युक्ती योजली: 'अँटिफेब्रिन' हे नाव नोंदविले. डॉक्टरने चिठ्ठीवर ते नाव लिहिले की औषधविक्रेत्यास स्वस्त अॅसिटॅनिलाइड देता येईना. माल तोच, भाव मात्र नावाचा. औषधविक्रेत्यांनी तक्रारी केल्या, आणि त्यांचा संताप अनाठायी नव्हता.

बायर कंपनीतील कार्ल ड्यूसबर्ग या तरुण रसायनतज्ज्ञाने हा धडा अचूक घेतला. कारखान्याच्या आवारात रंगनिर्मितीत उरलेल्या पॅरानायट्रोफिनॉलचा ढीग पडून होता. पडून राहिलेल्या मालाचे काय करावे, हा प्रश्न कोणत्याही वखारीला नवा नाही. त्यापासून फेनासेटिन हे तापाचे औषध तयार झाले आणि १८८८ मध्ये बाजारात आले. ते खूप खपले. पण दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय होतो, हे पुढे अनेक दशकांनी उघड झाले.

१० ऑगस्ट १८९७ रोजी कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स होफमान यांनी शुद्ध अॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्याच हातांनी आणखी एक द्रव्य बनविले. औषधांची परीक्षा करणारे हाइनरिश ड्रेझर यांना पहिले हृदयास अपायकारक वाटले व दुसरे पसंत पडले. ते दुसरे १८९८ मध्ये खोकल्यावरील औषध म्हणून 'हेरॉइन' या नावाने विक्रीस आले. त्याचे पुढे काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. नाकारलेल्या पहिल्याचे नाव ६ मार्च १८९९ रोजी 'अॅस्पिरिन' म्हणून नोंदले गेले. हा पदार्थ फ्रेंच रसायनतज्ज्ञ झेरार यांनी १८५३ मध्येच, अशुद्ध रूपात का होईना, बनविलेला असल्याने जर्मनीत पेटंट मिळाले नाही. सारी मालमत्ता म्हणजे ते नाव. पहिल्या महायुद्धामुळे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया येथील त्या नावाचे हक्कही गेले.

आणखी एक खाते मात्र अद्याप मिटलेले नाही. त्याच प्रयोगशाळेत आर्थर आइशेनग्र्यून हे ज्यू रसायनतज्ज्ञ होते. ड्रेझर यांनी नाकारल्यानंतर बर्लिनच्या डॉक्टरांकडून गुपचूप चाचण्या करवून घेतल्या आणि मुळात होफमान यांना ते काम आपणच सांगितले, असे त्यांचे म्हणणे होते. होफमान यांच्या श्रेयाचा उल्लेख छापील स्वरूपात प्रथम आला १९३४ मध्ये, हिटलरच्या राज्यात. तेव्हा प्रतिवाद करण्याची सोय नव्हती. आइशेनग्र्यून टेरेझिनच्या छळछावणीतून वाचले. १९४९ मध्ये त्यांनी आपला दावा एका औषधविषयक नियतकालिकात छापला आणि त्याच वर्षी ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अर्धशतकानंतर वॉल्टर स्नीडर या ब्रिटिश अभ्यासकाने जुनी कागदपत्रे तपासून त्यांची बाजू उचलून धरली. बायर कंपनी मात्र आजही श्रेय होफमान यांनाच देते.