हौसेचे वाद्य : गिटार आणि मँडोलिन

आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द किंचित उपेक्षेने उच्चारण्याची रीत आहे. हौशी नट, हौशी चित्रकार, हौशी वादक असे म्हटले की, ज्याला पुरते काही येत नाही असा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. वास्तविक ज्याला संगीतापासून पैसा नको, मानपत्र नको, केवळ दिवसाच्या अखेरीस अर्धा तास स्वरांच्या सहवासात काढावयाचा आहे, तो संगीताचा मोठा निर्मळ उपासक म्हटला पाहिजे. अशा माणसाने गिटार किंवा मँडोलिन यांपैकी वाद्य कसे निवडावे आणि त्यापासून आनंद कसा मिळवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय लहान दिसतो. परंतु त्याच्या पोटी एक नुकसान दडलेले आहे. पुष्कळ घरांतून कपाटावर धूळ खात पडलेली एखादी गिटार आढळते. ती कोणाच्या तरी वाढदिवसाला मोठ्या उत्साहाने आणलेली असते. दोन महिने ती वाजते. मग बोटांच्या अग्रांना घट्टे पडतात, दाबलेला स्वर बसका किंवा बेसूर निघतो, आणि शेवटी घरची मंडळी निकाल देतात की, आमच्या मुलाला संगीताचे अंगच नाही. हा निकाल त्या मुलाच्या मनात जन्मभर राहतो. अशा पुष्कळ खटल्यांत खरा आरोपी मुलगा नसून वाद्य असते. म्हणूनच निवडीचा प्रश्न नुसता खरेदीचा राहत नाही.

प्रथम या दोन वाद्यांचे स्वभाव पाहू. गिटारीला सहा तारा असतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्या इ, ए, डी, जी, बी, इ अशा स्वरांत लावतात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर शेजारशेजारच्या तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते; फक्त जी आणि बी या दोन तारांत षड्ज आणि शुद्ध गांधार यांचे. या रचनेमुळे डाव्या हाताची बोटे फार न ताणता एकाच वेळी चार, पाच किंवा सहाही तारांवर परस्परांशी जुळणारे स्वर मिळतात. अशा स्वरमेळाला कॉर्ड म्हणतात. गिटारीचे बळ या स्वरमेळांत आहे. ती गाणाऱ्याच्या पाठीशी उभी राहते.

मँडोलिनला आठ तारा असतात. परंतु त्या दोनदोनच्या चार जोड्यांत बसविलेल्या असून प्रत्येक जोडी एकाच स्वरात लावलेली असते. जी, डी, ए, इ असे त्यांचे स्वर, म्हणजे व्हायोलिनचेच. शेजारच्या जोड्यांत षड्ज-पंचम भाव असतो, आणि तो आपल्या कानाला जन्मापासून ओळखीचा आहे. सर्वांत जाड जोडी मोकळी छेडून तिला षड्ज मानावे. तिच्या दुसऱ्या पडद्यावर रिषभ, चौथ्यावर गांधार. पुढची जोडी मोकळी छेडली की पंचम, तिच्या दुसऱ्या पडद्यावर धैवत आणि पाचव्यावर तार षड्ज. भूप रागाचा आरोह हाती आला! पहिल्याच संध्याकाळी एवढे साधते, आणि नवशिक्याला एवढा धीर पुरतो.

मँडोलिनची पेटी लहान आणि तारा आखूड, त्यामुळे छेडलेला स्वर लवकर विरतो. तो लांबवावयाचा असेल तर नखी त्याच तारांवर वेगाने खालीवर फिरवावी लागते. संतूरवादक कलमांचे हलके आघात ओळीने देऊन स्वर धरून ठेवतो, तसाच हा उपाय. पाण्यावर चांदणे लुकलुकावे तसा तो स्वर थरथरतो, आणि मँडोलिनची सारी मोहिनी त्या थरथरीत आहे.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. ज्याला स्वतः गावयाचे आहे, त्याने गिटार घ्यावी. ज्याचा गळा साथ देत नाही, परंतु ज्याच्या मनात चाली घोळत असतात, त्याने मँडोलिन घ्यावे. ते त्याच्या वतीने गाईल. घरात दोघे भावंडे असतील तर एकाने हे आणि दुसऱ्याने ते घ्यावे. या दोन वाद्यांची जोडी फार सुरेख जमते.

आता थोडे कुळाविषयी. आज आपण जिला स्पॅनिश किंवा शास्त्रीय गिटार म्हणतो, तिचा आकार आणि आतील पट्ट्यांची रचना स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने स्थिर केली. तिच्या तारा पूर्वी आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारांची टंचाई झाली, तेव्हा थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने अल्बर्ट ऑगस्टिन यांनी न्यूयॉर्कमध्ये नायलॉनच्या तारा तयार केल्या. दुसरी शाखा पोलादी तारांच्या गिटारीची. ती अमेरिकेत वाढली. तेथील एका नामांकित घराण्याचा मूळ पुरुष सी. एफ. मार्टिन १८३३ साली जर्मनीतून न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झाला होता. मँडोलिनचे माहेर इटलीतील नेपल्स. तेथील मँडोलिनची पाठ लाकडाच्या बारीक पट्ट्या जोडून वाटीसारखी गोल केलेली असते. अमेरिकेतील ऑरव्हिल गिब्सन यांनी १८९८ साली वेगळ्या घडणीच्या मँडोलिनचे पेटंट मिळविले. त्यांनी व्हायोलिनचा आदर्श पुढे ठेवून वाद्याचे अंग लाकडातून कोरून काढण्याची पद्धत आणली. गोल पाठीचे वाद्य दिसावयास देखणे, परंतु मांडीवरून घसरते. नवशिक्याने सपाट पाठीचे घेणे सोयीचे.

आपला स्वतःचा संबंधही या कुळाशी आहे. जगातील उत्तमोत्तम गिटारींच्या पाठी आणि कडा भारतीय शिसवीच्या असतात. दक्षिण भारतातील हे लाकूड ब्राझीलची शिसव दुर्मीळ झाल्यावर सर्वत्र मागविले जाऊ लागले. ज्या लाकडाचे पलंग आणि देव्हारे आपल्या आजोबांच्या घरी होते, तेच परदेशी गिटारीच्या अंगावर येऊन गाते. गोव्याच्या घरांतून ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि गोमंतकीय वादकांच्या हातून ती मुंबईच्या चित्रपटसंगीतात शिरली. संगीतदिग्दर्शक सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) स्वतः मँडोलिनचे असामान्य वादक होते. तेव्हा ही वाद्ये परकी म्हणून संकोच करण्याचे कारण उरलेले नाही.

दुकानात गेल्यावर काय पाहावे? ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण खरी. परंतु ती दुकानदारालाही ठाऊक असते. म्हणून चकाकी, नक्षी आणि शिंपल्यांचे जडावकाम यांवरून दृष्टी प्रथम काढून घ्यावी. पहिली परीक्षा दांडीची. वाद्य डोळ्यासमोर धरून दांडीच्या टोकाकडून पेटीकडे, बंदुकीचा नेम धरावा तसे पाहावे. दांडी पिळलेली किंवा धनुष्यासारखी वाकलेली असेल तर ते वाद्य परत ठेवावे.

दुसरी परीक्षा तारांच्या उंचीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांतील अंतर पोलादी तारांच्या गिटारीत साधारण २ ते २.५ मिलिमीटर, नायलॉनच्या गिटारीत ३ ते ४ आणि मँडोलिनमध्ये दीड ते दोन मिलिमीटर असावे. ते याहून फार अधिक असेल तर तार दाबताना बोट दुखते आणि ती ताणली जाऊन स्वर चढतो. कपाटावर पडलेल्या गिटारींचा रोग बहुधा हाच असतो. समाधानाची गोष्ट अशी की, तो बराही होतो. कुशल कारागीर घोडी आणि वरची खाच घासून तारा खाली आणतो. वाद्याच्या किमतीखेरीज थोडी रक्कम या कामासाठी आणि नव्या तारांसाठी राखून ठेवावी. महागडे वाद्य घेऊन ते तसेच वापरण्यापेक्षा मध्यम वाद्य घेऊन ते नीट करवून घेणे शहाणपणाचे.

तिसरी परीक्षा सुरेलपणाची. बारावा पडदा तारेच्या मध्यावर येतो. तेथे तारेला बोट नुसते टेकवून ती छेडावी आणि बोट चटकन उचलावे. वरच्या सप्तकातील स्वर घंटेसारखा निघतो. मग त्याच ठिकाणी तार पूर्ण दाबून छेडावी. दोन्ही स्वर एक आले तर वाद्य सुरेल. गिटारीची घोडी चिकटविलेली असते. तेथे मोठा फरक आढळला तर वाद्य नाकारावे. मँडोलिनची घोडी मात्र बहुधा केवळ तारांच्या दाबाने उभी असते, म्हणून ती किंचित पुढेमागे सरकवून हा दोष काढता येतो. याच कारणाने मँडोलिनच्या सर्व तारा एकदम कधी काढू नयेत. एकेक बदलावी, नाहीतर घोडीची जागा हरवते.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहावी. कोठे झणझण ऐकू आली तर त्या भागात एखादा पडदा उंच किंवा झिजलेला असतो. खुंट्या फिरवून पाहाव्यात. त्या अडखळू नयेत आणि सैलही नसाव्यात. जुने वाद्य घेत असाल तर घोडीमागची तबली फुगलेली नाही ना, हे अवश्य पाहावे.

हाताचे मापही विसरू नये. शास्त्रीय गिटारीची तार सुमारे ६५० मिलिमीटर लांब असते आणि प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा सुमारे अठरावा भाग कमी करतो. म्हणून पहिला पडदा खाचेपासून सुमारे ३६ मिलिमीटरांवर येतो. मँडोलिनमध्ये हेच अंतर २० मिलिमीटरांच्या आसपास असते. लहान हाताला मँडोलिन का सोपे जाते आणि जाड बोटांना ते का अडचणीचे वाटते, हे यावरून कळेल. मुलांसाठी लहान मापाच्या गिटारीही मिळतात. नायलॉनच्या तारा बोटांना सौम्य, परंतु त्यांची दांडी रुंद. पोलादी तारांची दांडी अरुंद, परंतु तारा कठीण. एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो असतो, पोलादी तारांचा ७० किलोंच्या आसपास. म्हणून नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. घोडी उखडते आणि वाद्य जाते.

हे वाद्य आपल्या हवेत सांभाळावे कसे? अखंड लाकडाच्या तबलीचा आवाज थरांच्या लाकडापेक्षा खुला असतो आणि वापराने अधिक गोड होतो असा वादकांचा अनुभव आहे. परंतु कोकणातला पावसाळा आणि नागपूर-दिल्लीचा उन्हाळा तिला सोसत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तारा वर येतात. कोरड्या उन्हाळ्यात ते आकसते आणि तडा जातो. दमट गावी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. कोरड्या गावी भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवावा. ज्याला एवढा उपद्व्याप नको, त्याने थरांच्या लाकडाचे वाद्य निःसंकोच घ्यावे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, कारण घामाने त्या गंजतात.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पडद्यांच्या वाद्यांत स्वर बांधलेले असतात. त्यांत आपल्या संगीतातील मींड आणि श्रुती कशा यावयाच्या? याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले होते. आक्षेप खरा आहे. परंतु थोर वादकांनी त्याला कृतीने उत्तर दिले. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर धातूचा दांडा सरकवीत रागदारी वाजविली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. आंध्रातील पालकोल्लू येथे जन्मलेले यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्या काढून टाकून पाच एकेरी तारांच्या विद्युत मँडोलिनवर कर्नाटक संगीतातील गमके उमटविली. हौशी माणसाने त्यांचे वादन मन लावून ऐकावे. तेवढे जमलेच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये. भावगीत, भजन, गोव्याचा मांडो आणि चित्रपटातील असंख्य चाली एवढा संसार त्याच्यासाठी मोकळा आहे. गिटारीवर षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभे असलेले तीन स्वरमेळ बसले की कितीतरी सरळ चालींना साथ देता येते.

सरावाविषयी एवढेच सांगतो की, रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे. बोटांचे दुखणे दोनतीन आठवड्यांत ओसरते. स्वर जुळविण्यासाठी आता मोबाइल फोनवर साधने मिळतात. त्यांचा उपयोग करावा, परंतु आधी कानाने जुळवून मग त्यांच्याकडून तपासून घ्यावे. उलट क्रमाने केले तर कान आळशी होतो. आणि वाद्य हाताशी ठेवावे. ते काढण्यासाठी स्टूल आणावे लागत असेल तर ते वाजणार नाही.

चांगले वाद्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. जे हाताला दुखवीत नाही, कानाला फसवीत नाही, आणि ज्याला उद्या पुन्हा हात लावावासा वाटतो, ते चांगले वाद्य. असे वाद्य एखाद्या मुलाच्या किंवा निवृत्त गृहस्थाच्या हाती पडले, तर स्वतःला संगीताचे अंग आहे की नाही, हे तो दुसऱ्याला विचारावयास जाणार नाही.