सावत्र आई कुठल्या रकान्यात?

परवाचीच गोष्ट सांगते. दुपारची आवराआवर करून जरा टेकले होते, तोच दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावर नव्यानं लग्न होऊन आलेली शेजारीण बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात उभी! तिच्या यजमानांचं हे दुसरं लग्न. पहिलीची सात वर्षांची मुलगी आहे, ती आमच्या लेकीच्याच वर्गात. मी लेकीला म्हटलं, "घे गं लाडू, मावशींनी आणलेत." तर आमची ही दुसरीतली शहाणी हात पाठीमागे नेऊन म्हणते कशी, "मला नको. ती सावत्र आई आहे!"

शेजारीण काहीच बोलली नाही. डबा टेबलावर ठेवून खाली निघून गेली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री लेकीला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा तिनं मराठीची वही आणून दाखवली. पानावर दोन रकाने. डावीकडे 'चांगली पात्रे' : राजकन्या, ससा, चिमणी. उजवीकडे 'वाईट पात्रे' : राक्षस, कोल्हा, कावळा आणि सावत्र आई. खाली बरोबरची खूण. वर ही सांगते, "आम्ही तिला रोज विचारतो, तुझी आई तुला मारते का गं म्हणून." ऐकून पोटात कालवलं. पण दोष कोणाला देणार? छळ करणाऱ्या सावत्र आईच्या गोष्टी रात्री अंथरुणावर मीच तर सांगितल्या होत्या!

मैत्रिणींनो, गोष्टीतली पात्रं ओळखायला मुलांनी शिकावं, यात वाईट काहीच नाही. नायक कोण, त्याच्या वाटेत आडवा येणारा कोण, मदतीला धावणारा कोण, हे कळलं की मुलाला गोष्टीचा धागा हाती लागतो. अगदी लहान वयात तर कोल्हा लबाड आणि ससा हुशार, असं ठरलेलं असलं की त्याला बरं वाटतं. चूक होते ती पुढे. मूल पात्राचं नाव ऐकतं आणि रकाना ठरवून मोकळं होतं. खरं तर रकाना ठरवायचा तो पात्राच्या वागण्यावरून.

चिऊ-काऊचीच गोष्ट घ्या. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून गेलं. तो बिचारा भिजत चिऊच्या दारात उभा, आणि चिऊ आतून एकामागून एक कारणं सांगतेय. मी लेकीला विचारलं, "आपल्या दारात असं कोणी भिजत उभं राहिलं तर?" ती जरा थांबली. म्हणाली, "मग चिऊ चांगली कशी?" मी उत्तर दिलं नाही. मुलाला प्रश्न पडला की आपण घाईनं उत्तर देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकले.

आता गोष्ट सांगून झाली की मी चार साधे प्रश्न विचारते. यानं केलं काय? हा बोलला काय? दुसरे त्याच्याबद्दल काय म्हणतात, आणि ते खरं का? शेवटी तो पहिल्यासारखाच राहिला की बदलला? पंचतंत्रातली पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची गोष्ट यासाठी फार छान. बैलाला मारतो सिंह; पण दोघांची मैत्री तोडतो दमनक कोल्हा, एकाचे कान दुसऱ्याविरुद्ध भरून. मग वाईट कोण? आमच्याकडे यावर जेवण होईपर्यंत वाद चालला!

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली कादंबरीविषयी एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं पात्रांचे दोन प्रकार सांगितले, सपाट आणि गोल. आपल्या स्वयंपाकघरात सांगायचं तर सपाट पात्र म्हणजे पापड, एकदा बघितला की कळला. गोल पात्र म्हणजे मोदक, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. मुलांना हे चटकन समजतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातला श्याम पोहायच्या भीतीनं लपून बसतो, आईचा मार खातो आणि मग पाण्यात उतरतो. भित्रा म्हणावं की धीट? दोन्ही. म्हणजे मोदकच!

राहता राहिली सावत्र आई. तिच्यासाठी मी मुद्दाम दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या. पहिली ध्रुवाची. सुरुचीनं त्याला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, ते वाईटच. पण उत्तानपाद राजा तिथंच होता ना? तो गप्प का बसला? लेकीनं त्याचं नाव कधी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पांडवांची. नकुल आणि सहदेव हे माद्रीचे मुलगे. माद्री गेल्यावर त्यांना वाढवलं कुंतीनं. पुढे वनवासात चारही भाऊ तळ्याकाठी निष्प्राण पडले. यक्ष म्हणाला, एकालाच उठवीन. धर्मराजानं भीमाला मागितलं नाही, अर्जुनाला मागितलं नाही, नकुलाला मागितलं. कुंतीचा एक मुलगा मी आहे, मग माद्रीचाही एक असू दे, म्हणून. लेक ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे कुंती नकुलाची सावत्र आई?" मी म्हटलं, "हो." बराच वेळ ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या डब्यात चिवडा भरला. रिकामा डबा परत द्यायची आपल्याकडे रीत नाही. "मी नेते," म्हणून लेक पुढे झाली. शेजारणीची माफी मात्र मीच मागितली. ती मागायची माझीच होती. "मुलंच ती," एवढंच ती म्हणाली. तिच्या मनातला सल एका डब्यानं निघाला असेल, असं मी म्हणणार नाही. पण मधल्या सुट्टीतला तो रोजचा प्रश्न आमच्या लेकीनं तरी बंद केला आहे.

आणि वहीत आता तिनं पट्टीनं रेघ मारून तिसरा रकाना आखलाय. वर लिहिलंय, 'अजून कळलं नाही.' सावत्र आई, चिमणी आणि कावळा, तिघंही सध्या तिथं आहेत.